तीन नंबरचा रूट सोडण्याबाबत, व इतर

प्रति,
मा. संचालिका,
कर्मचारी संबंध कार्यालय,
टॅल्बर्ट फॉल्स शाळा विभाग,
टॅल्बर्ट फॉल्स, ओहायो.

अर्जदार : व्हर्लीन प्रुइट, शाळेची बसचालक, रूट क्र. ३ (सध्या), चालक संघटनेची प्रतिनिधी (येत्या शुक्रवारपर्यंत).

विषय : रूट क्र. ३ परत घेण्याबाबत. तसेच सहा जुन्या बाबी तक्रार म्हणून नोंदवून त्या फेटाळण्याबाबत.

संदर्भ : (१) श्री. डेनी कोल्वर यांच्यावरील कारवाईसंबंधी आपला मे महिन्यातील निर्णय.
(२) विभाग व संघटना यांच्या करारातील रूट निवडीचे कलम. हे कलम अर्जदारानेच लिहिले आहे, हे कृपया लक्षात असावे.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. सदर अर्जदार या विभागात बावीस वर्षे बस चालवते. गेली काही वर्षे ती संघटनेची प्रतिनिधीही आहे. म्हणजे कोणा चालकावर कारवाई झाली की त्याच्या बाजूने बोलायला ती बसते. चालक आवडता की नावडता, त्याचे खरे की खोटे, हे पाहायचे नसते. वर्गणी भरणारा प्रत्येक जण आपला, असा संघटनेचा नियम आहे. अर्जदाराला या नियमाचा अभिमान होता. 'होता' हा शब्द विचार करून लिहिला आहे.

२. प्रकरण आपणास ठाऊक आहे. तरी निर्णयात ते इतके धुऊनपुसून आले आहे की ओळखू येत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. रूट १४ ही चाकाची खुर्ची वर घेणाऱ्या लिफ्टची बस. तीत टॅमसिन नावाची आठ वर्षांची मुलगी चाकाच्या खुर्चीतून येते. तिला झटके येतात, म्हणून तिच्याशेजारी श्रीमती अर्नेस्टीन बॅस्कम या मदतनीस बसतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी खुर्चीचे पट्टे बांधायला वेळ लागला. बसला उशीर का, असे रेडिओवरून विचारले गेले. त्यावर चालक श्री. कोल्वर म्हणाले, "अहो, इथे दोघींना पट्टे बांधावे लागतात. एक खुर्चीतली पोरगी, आणि एक तिच्याशेजारचं माकड."

रेडिओ सगळ्या बसमध्ये एकच असतो.

श्रीमती बॅस्कम कृष्णवर्णीय आहेत. अर्जदारही आहे. श्री. कोल्वर गोरे आहेत. निर्णयात हे कुठेही आलेले नाही. तिथे आम्ही सगळे 'संबंधित कर्मचारी' आहोत.

३. अर्जदार त्या वेळी मिल स्ट्रीटच्या रेल्वे फाटकापाशी होती. फाटकापाशी बस उभी करायची, मुलांना गप्प करायचे, दार उघडायचे आणि गाडी येते का ते कान देऊन ऐकायचे, असा कायदा आहे. दिवसभरात बस शांत असते ती तेवढाच वेळ. त्या शांततेत ते वाक्य आले. पुढच्या सीटवरच्या पहिलीतल्या मुलीने विचारले, "मिस व्हर्लीन, त्या बसमध्ये माकड आहे?" अर्जदार म्हणाली, "नाही गं. नीट बस."

३ (अ). पुढील गोष्ट सुनावणीत कोणी विचारली नाही, म्हणून सांगितली गेली नाही. रेडिओवर निरोप ऐकला की चालक माइकचे बटण दोनदा दाबतात. खट, खट. म्हणजे 'ऐकले'. हसू आले तरी तेच करतात. त्या वाक्यानंतर बरीच खटखट झाली. त्यातली एक अर्जदाराची होती. हात आपोआप गेला. सवयीची खटखट कोणती आणि हसण्याची कोणती, हे रेडिओवर वेगळे कळत नाही. मागे बसून ऐकणाऱ्या श्रीमती बॅस्कम यांना तर कळण्याचा प्रश्नच नाही.

४. पर्यवेक्षकांनी श्री. कोल्वर यांना घरी बसवले व रूट १४ काढून घेतला. ते अर्जदाराकडे आले. "व्हर्लीन, थट्टा होती गं. तू तर ओळखतेस मला." अर्जदार नियमाप्रमाणे त्यांच्या बाजूने बसली.

करारात 'प्रचलित प्रथा' म्हणून एक तरतूद आहे. जी गोष्ट वर्षानुवर्षे चालू दिली, तिच्यासाठी अचानक एकालाच शिक्षा करता येत नाही. ही तरतूद चालवण्यात अर्जदाराचा हातखंडा आहे. चालकांच्या दाढ्या, थंडीतल्या टोप्या, बसमध्ये कॉफी नेणे, हे सगळे तिने याच वाटेने टिकवले. या वेळी दाखवायचे होते ते एवढेच, की असले बोलणे बस उभ्या करायच्या यार्डात पूर्वीपासून चालते आणि त्यासाठी आजवर कोणाला काही झालेले नाही.

पुरावा अर्जदारापाशी होता. दुसऱ्या कोणापाशी असणे शक्यच नव्हते, कारण ते सगळे तिलाच म्हटले गेले होते.

तिने तो दिला. पहाटेच्या अंधारात यार्डात "व्हर्लीन, जरा हस, म्हणजे दिसशील तरी," हे. तिच्या केसांत पेन्सिल खोचून ती किती वेळ टिकते यावर लागलेली पैज, ही. तिच्या बसच्या आरशाला टांगलेले केळे, हे. त्या वेळच्या पर्यवेक्षकांनी ते सोलून खाल्ले आणि "झालं, पुरावा संपला, चला कामाला," असे म्हणून विषय मिटवला. अशा एकूण सहा बाबी. आपण विचारलेत, "तुम्ही तेव्हा तक्रार केली होती का?" अर्जदार म्हणाली, "नाही." आपण विचारलेत, "का नाही?" अर्जदार म्हणाली, "इथली रीतच आहे ती." हे तिने खणखणीत आवाजात सांगितले. प्रतिनिधीने पुटपुटू नये, असे ती नव्या लोकांना शिकवते.

आपण पेन खाली ठेवलेत. अर्जदार जिंकली, हे तिला तेव्हा कळले.

५. शिक्षा रद्द झाली, रूट परत मिळाला. बाहेर आल्यावर श्री. कोल्वर यांनी अर्जदाराचा हात दोन्ही हातांत धरला. "तुला एवढं एवढं म्हणायचे लोक? मला पत्ताच नाही. पण तू कधी मनाला लावून घेतलं नाहीस. म्हणून तर तू आपली वाटतेस." पेन्सिलवर पैज लावणाऱ्यांत ते स्वतः होते. ते त्यांना आठवत नव्हते. अर्जदाराने आठवण करून दिली नाही. त्या दिवशी ती त्यांची प्रतिनिधी होती.

समोरच्या बाकावर श्रीमती बॅस्कम बसल्या होत्या. अंगात चर्चला घालायचा निळा कोट, मांडीवर पर्स. त्यांना साक्षीसाठी बोलावले होते, पण आत घेण्याची गरजच पडली नाही. आपल्या सुनावणीच्या खोलीचे दार नीट लागत नाही, हे आपणास माहीत आहे. त्या दाराबद्दल दोन वर्षांपूर्वी लेखी तक्रार आली होती. ती अर्जदाराचीच. दाराबद्दल तिने तक्रार केली होती.

६. आता प्रत्यक्ष मागणीकडे येते.

गेल्या आठवड्यात व्यायामशाळेत रूटची निवड झाली. दरवर्षीप्रमाणे भिंतीवर रूटचे कागद, आणि सेवाज्येष्ठतेने एकेकाने पुढे होऊन आपले नाव लिहायचे. श्री. कोल्वर यांनी पुन्हा १४ घेतला. मदतनीस रूट निवडत नाहीत. आपल्याकडचे मूल ज्या बसमध्ये, तीत त्या जातात. म्हणजे शाळा उघडली की श्रीमती बॅस्कम यांनी एक तर रोज सकाळी श्री. कोल्वर यांच्या बसची पायरी चढायची, नाहीतर टॅमसिनला सोडायचे. टॅमसिन दुसऱ्या कोणाला पट्ट्याला हात लावू देत नाही.

अर्जदार श्री. कोल्वर यांना भेटली. दुसरा रूट घ्या म्हणाली. ते मुळीच रागावले नाहीत. "का पण? आपण जिंकलो ना? तूच जिंकून दिलंस. आता मी हललो तर लोक म्हणतील, याचं काहीतरी चुकलं होतं."

अर्जदार घरी आली आणि करार उघडून बसली.

७. मात्र श्री. कोल्वर यांचा डोळा पहिल्यापासून रूट ३ वर आहे. आखूड रस्ता, पक्की सडक, शांत मुले, दुपारी लवकर घरी. "व्हर्लीन, तू गेलीस की पहिला फोन मला करायला सांग हं घरच्यांना," हे ते दर नाताळात अर्जदाराला केक देताना म्हणतात. ज्येष्ठतेत अर्जदारानंतर त्यांचाच नंबर आहे. रूट ३ मोकळा झाला, तर ते १४ त्याच मिनिटाला सोडतील, आणि कोणाचे काही चुकले होते असेही कोणी म्हणणार नाही.

अडचण एवढीच, की निवड झाल्यानंतर रूट मोकळा होतो तो फक्त राजीनामा, निवृत्ती, मृत्यू किंवा प्रकृतीच्या कारणाने. अर्जदार जिवंत आहे. निवृत्तीला वेळ आहे. राजीनामा दिला तर विमा जातो आणि घरी आईचे डायलिसिस आहे. हे कलम असे घट्ट बांधताना अर्जदार संघटनेच्या बाजूने अगदी पहाटेपर्यंत भांडली होती, कोणी मागून बदल करू नयेत म्हणून.

तरी प्रकृतीचे कारण पुढीलप्रमाणे. फाटकापाशी बस उभी करून दार उघडले की अर्जदाराला खटखट ऐकू येते. रेडिओ बंद असला तरी. डॉक्टरांनी कान तपासले. उत्तम आहेत म्हणाले. कान उत्तम आहेत, हेच दुखणे आहे, असे प्रमाणपत्र द्यायला ते तयार नाहीत. आपण विशेषाधिकारात हे कारण मान्य करावे, रूट ३ काढून घ्यावा व अर्जदाराला ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली टाकावे, ही विनंती.

८. रूट १४ आपल्याला मिळावा, असे या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात होते. ते काढले आहे. कारण नोंदवते.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांच्या जेवणासाठी मासे तळायचे असतात. श्रीमती बॅस्कम तिथे पीठ लावायला असतात. अर्जदार गेली आणि तिने ही सगळी योजना त्यांना सांगितली. त्या मासे पिठात घोळवत होत्या, हात थांबवला नाही. म्हणाल्या, "डेनीचं काय घेऊन बसलीस. तो बोलतो ते मी बसच्या पायरीवरच झटकून टाकते."

मग म्हणाल्या, "पण पोरी, आपण इतकी वर्षं एका बाकावर बसून प्रार्थना म्हणतो. तुला केळं टांगलं, तू मला सांगितलं नाहीस. केसांचं सांगितलं नाहीस. मला वाटायचं, हिच्या वाट्याला नाही आलं, बरं झालं. ते सगळं तू साठवून ठेवलंस, आणि काढलंस ते कोणासाठी, तर त्याच्यासाठी. मला ते दारामागून ऐकावं लागलं."

अर्जदार म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, १४ मी चालवते. तुमच्याबरोबर मी येते."

त्या म्हणाल्या, "नको. तू नको. पुढे तुझी मान बघत मला रोज बसायचं नाही. कोणी नवीन पाठव म्हणावं. त्याला मी शिकवीन." आणि अर्जदाराच्या हातात तळलेल्या माशाची पुडी दिली. रिकाम्या हाताने त्या कोणाला पाठवत नाहीत.

सबब रूट १४ कोणा नव्या चालकाला द्यावा. अर्जदाराला जे उरेल ते द्यावे.

९. शेवटची विनंती सहा बाबींची.

आपल्या निर्णयात म्हटले आहे की, "प्रतिनिधींच्या स्वतःच्या निवेदनावरून असे बोलणे यार्डात प्रचलित असून त्याबाबत कोणीही तक्रार केल्याचे दिसत नाही." हे वाक्य आता फाइलमध्ये राहील. पुढच्या वेळी कोणी कोणाला काही म्हणाले, की त्याचा प्रतिनिधी ही फाइल काढील. अर्जदार त्याच्या जागी असती, तर तिने सगळ्यात आधी हीच काढली असती. तिचे गप्प बसणे आता यार्डाची प्रथा झाले आहे, आणि ते मोडायला तिला कुठे जागा सापडत नाही.

म्हणून त्या सहाही बाबी ती आज तक्रार म्हणून दाखल करत आहे. मुदत केव्हाच उलटून गेली आहे; केळे तर कित्येक वर्षांपूर्वीचे, आणि ते खाणारे गृहस्थ फ्लॉरिडात वारले. आपण तक्रार फेटाळणार, हे अर्जदार जाणते. फेटाळावीच. पण कृपया तोंडी फेटाळू नये, फोनवर समजूत घालू नये, कॉफीला बोलावू नये. लेखी फेटाळावी. फेटाळताना प्रत्येक बाब, कोण काय बोलले त्या शब्दांसकट, आपल्या कागदावर आपल्या सहीने उतरवावी आणि खाली लिहावे की तक्रार उशिरा आली. म्हणजे एवढे तरी राहील की ती आली.

सुनावणीत आपण विचारले होते, का नाही केली. "रीतच आहे" हे उत्तर खरे नव्हते. अर्जदाराला लाज वाटत होती. ज्यांनी केले त्यांना वाटायला हवी होती ती मला वाटली, आणि मी ती कोणाला दिसू नये म्हणून हसले. मी दरवेळी हसले, महोदया. वरील दोन वाक्यांत 'मी' आले आहे, ते 'अर्जदार' असे वाचावे.

आपल्या लेखी नकाराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

व्हर्लीन प्रुइट
टॅल्बर्ट फॉल्स, ऑगस्ट, सोमवार

सोबत :
(१) रूट ३ च्या बसची किल्ली.
(२) प्रतिनिधीपदाचा राजीनामा, एक ओळ.
(३) सहा बाबी, वेगळ्या कागदांवर, प्रत्येकीखाली अर्जदाराची सही.
(४) सातवी बाब : माइकचे बटण दोनदा दाबणे. ही तक्रार चालक व्हर्लीन प्रुइट यांच्याविरुद्ध आहे आणि मुदतीत नाही. तक्रारदाराच्या सहीची जागा मिस अर्नेस्टीन यांच्यासाठी कोरी ठेवली आहे. त्यांची इच्छा असेल तर.