बायकांकडे पाठ करून लिहिलेली वही

माय,

आज गुरुवार, १२ सप्टेंबर १९९६, दुपारचे पावणेचार. जाफराबादच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत बसलोय आणि मांडीवरची वही चौथ्यांदा तपासतोय. उद्या अकराला जिल्ह्याच्या आरोग्य समितीसमोर मला बोलायचं आहे. नववीतून शाळा सुटलेल्या, चार माणसांत घसा कोरडा पडणाऱ्या तुझ्या मुलाला. बियाण्याच्या प्लॉटवर राबणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना काय होतं आणि कशानं होतं, याचा डॉक्टरांनी नीट अभ्यास करावा, आणि त्यासाठी दरवर्षी वेगळा पैसा ठेवावा, एवढीच मागणी आहे.

गेल्या वर्षी ती माझ्यामुळेच फेटाळली गेली. महिला मंडळानं लिहिण्याचं काम मला दिलं होतं. मी घरोघर ओट्यावर बसलो आणि प्रत्येकीला सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारलं, "काही त्रास?" पदर सावरत प्रत्येक जण म्हणाली, "न्हाई, बराबर हाय." मी तसंच लिहिलं, एक काना-मात्रा न चुकवता. समितीतले साहेब वही चाळून हसले. "तुमचं गाव तर एकदम ठणठणीत आहे. मग पैसा कशाला?"

घरी आल्यावर मावशीनं झापलं. "अरे येड्या, सासूपुढं कोण तोंड उघडंल? सकाळी प्लॉटवर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ. कपाशीत बायका रांगेनं क्रॉसिंग करून राह्यल्यात. नराचं फूल मादीच्या फुलावर हलकेच घासायचं, पुढच्या झाडाकडे जायचं. नजर फुलावर, त्यामुळे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. मावशी विचारते. मी बांधावर त्यांच्याकडे पाठ करून लिहितो.

"मावशे, हा वळून पाहील की!"

"वळू दे, कान उपटून हातात देते त्याच्या."

सगळ्या हसतात. मग त्याच हसण्यातून शेजारच्या काकूंचा आवाज येतो, "तीन वर्सं झाले, माझं अंग बाहेर येतंय. वाकलं की हातानं आत सारते." माझा पेन थांबतो.

"लिव्हलं का रं?"

"लिहिलं, काकू."

"बिलकुल तसंच लिव्ह. तिथं जाऊन गोड करू नको."

दुसरी म्हणाली, पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, आता पुन्हा अंगावरून जातंय. ते लिहिताना तू दिसलीस. चुलीपुढून उठताना चौकट धरून उभी राहणारी, "काय न्हाई, चक्कर आल्ती," म्हणणारी. पुढं जालन्याचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.

उद्या साहेब हसले तरी मी वही मिटणार नाही. नावं घेणार नाही, पण एकेक पान वाचणार. आवाज कापला तर कापत्या आवाजात वाचणार.

पहिलं पान तुझं आहे. तुला न विचारता लिहिलं. शेवटच्या रकान्यात प्रश्न आहे, घरात कोणाला माहीत होतं? तिथं मी 'कोणालाही नाही' असं लिहिलं होतं. आत्ता ते खोडलं. गोठ्यामागं लुगड्याखाली महिनाभर रोज वाळत घातलेले ते डागाळलेले कापडाचे तुकडे मी पाहिले होते, माय. मी तेव्हा नववीत होतो. लाज वाटली, म्हणून त्या बाजूनं जाणंच सोडलं.

हे पत्र मी तुला कुठं पाठवणार? पण रकान्यात आता 'मुलाला' असं लिहिलं आहे, आणि उद्या तेही वाचणार आहे.