दादाची बाजू, माझ्या अक्षरात

४ फेब्रुवारी
पुन्हा भांडण! फोन दादानेच ठेवला — खरं तर आपटला. त्याचं एकच: बाबांना मी माझ्याकडे नेतो. माझंही एकच: बाबांना त्यांच्या घरातून हलवायचं नाही. आई गेल्यापासून आठ महिने हेच दळण. बाबा पेपरात डोकं खुपसून बसतात, कुणाचीच बाजू घेत नाहीत.

५ फेब्रुवारी
तत्त्वज्ञानाचा वर्ग. वाचनालयाच्या माळ्यावर आम्ही नऊ जण, सर आणि एक डुगडुगतं टेबल. सर म्हणाले, "द्वंद्वात्मक विचार म्हणजे वाद जिंकणं नव्हे. आधी समोरच्याची बाजू अशी मांडा, की त्याने खाली सही करावी." मी म्हणाले, माझ्या भावाची बाजू दोन ओळींत संपते. सर हसले. "मग लिहाच. आणि सही आणा."
नसती ब्याद!

८ फेब्रुवारी
लिहून पाठवलं. दादाचं उत्तर: "हा मी नाही, तू रंगवलेला खलनायक आहे. परत लिही." असा राग आला! मग पुन्हा वाचलं — 'हट्टी' हा शब्द तीनदा. हसूच फुटलं.

११ फेब्रुवारी
दुसरी खेप परत आली. या वेळी दादाने एक ओळ स्वतः घातलीय. बाबा न्हाणीघरात दोनदा पडले. त्याला म्हणाले होते, "तिला सांगू नकोस, हातातलं काम टाकून धावत येईल."
मी रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या घरून बाबांकडे जाते. मला दिसलं नाही! आज दातांच्या प्रयोगशाळेत कामावर कवळी घासताना एक दात जास्तच घासला गेला. आणि दादाने हे ओझं एकट्याने वागवलं. किती माया आली त्याची. भांडतानासुद्धा एकदाही बोलला नाही.

१२ फेब्रुवारी
सर आज म्हणाले, "आता आपल्याच म्हणण्यात विसंगती शोधा. दुसऱ्याने दाखवायच्या आत."
सापडायला दोन मिनिटं लागली. मी म्हणते बाबा एकटे राहू शकतात — आणि दिवसातून दोनदा जाते! मग एकटे राहतात कुठे? दादाचंही तेच. सोबत हवी म्हणतो, आणि ते नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला उगवतात.
सरांना विचारलं, "म्हणजे दोघंही चूक?"
"दोघंही थोडे बरोबर. पण म्हणून सहा महिने इथे, सहा महिने तिथे करू नका. ती नुसती वाटणी. भांडणारे दोघं न बोलता काहीतरी एकच धरून चाललेले असतात. ते सापडलं की विचार पुढे सरकतो."
बरं झालं हा माणूस भेटला.

१३ फेब्रुवारी
वरची आणि खालची कवळी एकमेकींवर मिटून बघताना आम्ही मधे निळा कागद धरतो. जिथे डाग उमटतो, तिथे दात आपटतोय. तिथेच घासायचं. वीस वर्षं हेच करतेय, आणि शिकायला माळा चढले! पण आम्ही दोघंही जे बोलतच नाही, त्याचा डाग कुठे बघायचा?

१५ फेब्रुवारी
दादाची सही आली!! खाली लिहिलंय: "इतकं नीट मलाही सांगता आलं नसतं. आता तुझी बाजू मी लिहितो." कामाच्या टेबलाशी बसून रडले. सहकारीण म्हणाली, वाईट बातमी का गं? म्हटलं, नाही, चांगली.

१८ फेब्रुवारी
दादाने लिहिलेली माझी बाजू आली. एक शब्दही बदलला नाही. सही केली.

१९ फेब्रुवारी
दोन्ही कागद बाबांना दिले. चष्मा लावून सावकाश वाचले. "दोघांनी छान लिहिलंय. पण यात घरं दोनच आहेत. माझं आणि त्याचं."
मला कळेना.
"तुझ्याकडे या, असं तू कधी म्हणालीच नाहीस."
मी म्हणाले, मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही.
"आणि मला वाटलं, तुला नको असेल."