पात्यांवरचं तेल

बाबा, तुमचा कॅमेरा पुन्हा अडला आहे. खटका दाबला तर आवाज येत नाही. आज सकाळी मी टेबलावर पांढरं फडकं पसरलं, भिंगाची कडी फिरवून काढली आणि मागच्या, खटक्यासरशी उघडमीट होणाऱ्या पात्यांना आधी नाक लावलं. कसलाच वास नव्हता. साधी धूळ होती, आणि ती बघून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपण दीक्षा घेतली त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीचा वैशाख. दारव्ह्याला कापडदुकानाच्या ओट्यावर तुमचं टेबल होतं. तुम्ही घड्याळं आणि शिलाई मशीन दुरुस्त करायचात. हा घडीचा, भात्याचा कॅमेरा बदली होऊन जाणाऱ्या एका ओव्हरसियरने बिघडलेला म्हणून तुम्हाला देऊन टाकला होता आणि तुम्ही तो चालता केला होता. सगळ्या वस्तीचा एक फोटो पांढऱ्या कपड्यांत काढायचा, विहार बांधून झाला की त्यात लावायचा, असं ठरलं. आठ दिवस मी घरी मशीनवर पांढरे सदरे शिवत होते. शेवटी मायचं पोलकं शिवलं. मायचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता. तिच्या पोटातलं दुखणं तेव्हा वाढत चाललं होतं, आणि पोलकं अंगाला लावून बघताना ती मला म्हणाली होती, "माहा तोंडवळा नीट येऊ देजा म्हणा तुह्या बापाले."

आदल्या दुपारी तुम्ही ओट्यावर असताना मी कॅमेरा उघडून खटका दाबून पाहिला. आवाज मला कोरडा वाटला. तुम्हीच शिकवलं होतं, मशीन अडलं की आधी तेल. कुप्पी हाताशीच होती. मी भिंगाच्या कडेने एक थेंब सोडला.

दुसऱ्या दिवशी वस्ती मैदानात उभी आहे. माय पहिल्या रांगेत, माझ्या डाव्या हाताला. तुम्ही खटका दाबता आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबता. खटक्याच्या स्प्रिंगचा चाप ओढून कॅमेरा कानाशी धरता. चाप अर्ध्यातूनच मागे येतो. मागचं झाकण उघडता येत नाही, रीळ उजेडाने जाईल. मग तुम्ही खाली बसता आणि समोरून भिंग काढायला लागता. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, "काहो, फोटू काढून राह्यले का घड्याळ खोलून राह्यले?" सगळे हसतात. मायही हसते, मग पोट धरते. "मी घरात टेकतो जराशी," ती मला म्हणते. "झालं की आवाज देजो."

भिंग निघालं तेव्हा मी जवळ आले होते. पात्यांवर मोरपंखी तवंग होता, पाती एकमेकांना चिकटली होती. तुम्ही अंगठा लावलात, अंगठ्याचा वास घेतलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. "धूळ गेली आतमंधी," तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. घड्याळांसाठीची पेट्रोलची बाटली मागवलीत आणि छोट्या कुंचल्याने एकेक पातं धुतलंत. वाळू दिलंत, पुन्हा धुतलंत. ऊन डोक्यावर आलं. लेकरं रडत होती. शेवटी खटका वाजला.

"जाय व, मायले बलाव."

मी गेले. तुम्ही कॅमेऱ्यामागे उभेच होता. मी परत आले आणि म्हणाले, "माय नाही म्हणते. काढून घ्या म्हणते."

मी पुन्हा माझ्या जागी जाऊन उभी राहिले. रांग सरकून माझ्या बाजूची जागा भरायला लागली तेव्हा तुम्ही हात वर केलात. "सरकू नका. थे येईन." थोडा वेळ थांबलात. मग काढलात.

तो फोटो विहारात आहे. माझ्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी आहे, मागच्या रांगेतल्या बाईचा पदर तिथे पूर्ण दिसतो. पावसाळा संपायच्या आत माय गेली. त्यानंतर तुम्ही मला समोर बसवून हेच भिंग माझ्या हातांनी काढायला लावलंत आणि पाती धुवून घेतलीत. "तेल कुठं नाई टाकाचं, हे सांगाचं माहंच राहून गेलं," एवढंच म्हणालात. तेलाबद्दल त्यानंतर आपल्यात कधी शब्द निघाला नाही. पण फोटोकडे पाहिलं की तुम्ही म्हणायचात, "रागावली होती थे माह्यावर. उनात ताटकळत ठेवलं म्या." शेवटच्या आजारातही म्हणालात. मी तुमचे पाय दाबत होते. दाबत राहिले.

त्या दिवशी घरात गेले तेव्हा माय नव्या पोलक्यातच आडवी झाली होती. झोप लागली होती. कितीतरी दिवसांनी तिचं कण्हणं थांबलेलं होतं. हे खरं आहे आणि इतकी वर्षं मी मला एवढंच सांगत आले. पण बाहेर सगळे माझ्यामुळे उन्हात उभे होते, आणि हे एकदाचं संपावं असं मला वाटत होतं, तेही तितकंच खरं आहे.

पाती आता उघडतात. कॅमेऱ्यात रीळ नाही. हा कागद मी त्याच्याच पेटीत ठेवणार आहे. बाबा, माय तुमच्यावर रागावली नव्हती. ती नाही म्हणालीच नव्हती. मी तिला हाक मारली नाही.