चुंबक उलटवायला जोर लागत नाही

२ सप्टेंबर, आउग्सबुर्ग
आजपासून राग बंद. मी एकदा ठरवलं की ठरवलं. शिकावं ते आमच्या स्फटिकाकडून. त्याला नुसता विजेचा दाब दिला की त्यातलं चुंबकत्व दिशा बदलतं. आदळआपट नाही, काही नाही. म्हणजे, बदलायला हवं. अजून बदललेलं नाही. सकाळी पंपाला लाथ घातली, पण ती संकल्पाच्या आधी.

४ सप्टेंबर
पंप गेला. लॅबचा नियम, जो मोडेल त्याने केक आणायचा. आलुबुखाऱ्याचा आणला. फ्राउके म्हणाली, "फोल्कमार, तुझ्यामुळे आम्ही सगळे जाड झालो." प्रेमाने बोलते. या प्रयोगात आम्ही दोघंच. वीस तारखेला समिती येणार. चुंबक वळलं तर दोघांची नोकरी कायम, नाहीतर डिसेंबरात लॅबला कुलूप.

९ सप्टेंबर
वळत नाही. पाना भिंतीवर फेकला. मध्ये शेजारच्या लॅबचा हेनिंग आला. कपाळाला टाके. हा माणूस नेहमी भलत्या वेळी आत येतो.

११ सप्टेंबर
हेनिंग म्हणे, "तुझा स्फटिक गळका आहे. वीज आरपार जाते, दाब टिकणार कुठून?" मी शांतपणे त्याची कॉलर धरली. शांतपणे, हे महत्त्वाचं. माझा दात हलतोय. झटापटीत एक मीटरही फुटलं, उद्या पुन्हा केक.

१५ सप्टेंबर
वळलं! स्विच दाबला, तो नेहमीसारखा अडकला, टेबलावर गुद्दा हाणला आणि चुंबकत्वाची दिशा दाखवणारा काटा उलटा! पुन्हा दाबला, पुन्हा हाणला, पुन्हा उलटा! फ्राउके म्हणाली, "वीज न देता करून बघितलंस का?" स्टूल खिडकीतून फेकलं. खिडकी बंद होती. ती रडायला लागली. "ही नोकरी माझीपण आहे रे." फार वाईट वाटलं. म्हणून कपाटालाही एक लाथ घातली.

२० सप्टेंबर
समिती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही हात खिशात ठेवा." फ्राउकेने स्विच दाबला. काटा ढिम्म. मला राहवेना, घातला गुद्दा. काटा गर्रकन वळला! "बघा!" मी ओरडलो. बाई वाकून बघत म्हणाल्या, "स्फटिक धरणारा चिमटा सैल आहे. चुंबकत्व कुठलं वळतंय, अख्खा स्फटिकच फिरतोय." म्हटलं, वीज असल्याशिवाय फिरेल का? फ्राउकेने वायर उपसून हातात धरली. "मार आता."
मारला. काटा वळला.
दोघांचीही नोकरी गेली. ती रडलीसुद्धा नाही. मी तसाच मूठ आवळून उभा, आणि मारायला कुणी सापडेना.