डावा हात, आडवं इंजिन

५ नोव्हेंबर २०११

डावा हात – १४ सेंमी. काल १२.

व्यायाम सोपा आहे. बांबूची काठी दोन्ही मुठींत आडवी धरायची, छातीसमोर, आणि टेबलावरून डावीकडे-उजवीकडे सरकवायची. वीसदा. बाबांची डावी मूठ वळत नाही, म्हणून मी ती रुमालाने काठीला बांधते. मोजायला टेबलाच्या कडेला स्टीलची पट्टी चिकटवली आहे.

सप्टेंबरमध्ये अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो हात मांडीवर नुसता पडून होता. आज सरकला!

दुपारी तीनला खिडकीच्या गजांची सावली टेबलावर येते. काठी जाते, येते. बघता बघता माझेच डोळे मिटले. एकोणीस की वीस – मोजायचं राहिलं. असं मी करत नाही.

८ नोव्हेंबर

१७ सेंमी.

कोइमतूरहून मेल. जुन्या रेसिंग गाड्यांची इंजिनं उघडून पुन्हा उभी करणारं वर्कशॉप. जागा एक. मुलाखत नाही, एकच प्रश्न: बॉक्सर इंजिन आणि फ्लॅट व्ही इंजिन, दोन्ही सारखीच आडवी दिसतात – फरक काय? आकृती काढायची नाही. इंजिन कधीच न पाहिलेल्या माणसाला कळेल असं एक पान. मुदत ३० नोव्हेंबर. रुजू व्हायचं २ जानेवारीला.

घरी सांगितलं नाही. आमच्या विचुंब्यापासून कोइमतूर किती लांब आहे ते संगणकावर पाहिलं, आणि नकाशा बंद केला.

१३ नोव्हेंबर

१९ सेंमी.

पहिला मसुदा बाबांना वाचून दाखवला. कशासाठी लिहितेय ते त्यांनी विचारलं नाही. तीस वर्षं करंजा बंदरातल्या होड्यांवर मशीन सांभाळलं त्यांनी – उभी डिझेल मशीनं. आडवं इंजिन त्यांना मान्यच नाही.

"झोपवलाय कशाला त्याला?"

"वजन खाली राहतं. गाडी वळणावर कलत नाही."

"मी पन आडवाच हाय दोन महिने. मना कुठं वलता येतंय?"

सोनाबाई आत्या – बाबांची बहीण, आजारपणासाठी उरणहून येऊन राहिलीय – कोलंबी सोलता सोलता एवढी हसली की सुरी खाली ठेवावी लागली. मीही हसले. थोडं.

१४ नोव्हेंबर

बॉक्सरचं जमलं. बाबांच्या दोन्ही मुठी छातीशी जोडल्या, मग दोन बाजूंना लांब नेल्या – डावी मीच उचलून. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत. फिरत्या दांड्यावर प्रत्येकाला स्वतःचा वेगळा खटका – म्हणजे दांड्याचा कोपरासारखा वाक, ज्याला पिस्टन जोडलेला असतो. याचा धक्का तो खातो, त्याचा हा.

फ्लॅट व्हीसाठी शब्द सापडत नाहीत. जे सुचतं ते पाठ्यपुस्तकातलं.

२१ नोव्हेंबर

२३ सेंमी. माधुरी मॅडमना – नवीन पनवेलच्या फिजिओ – आलेख दाखवायला हवा.

दुपारी डुलकीत बारा पिस्टन पाहिले. काळ्या पाण्याखाली, सहा इकडे, सहा तिकडे. आवाज अजिबात नाही. फक्त पाणी श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. मी तळाशी उभी होते आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

बाबांनीच सोडवलं.

म्हणाले, "आमी होडीत कसं झोपायचो? जागा एवढीशी. मी न् बुधाजी, पायाला पाय लावून. त्यानं पाय लांब केलं का माजं गुडघं वर. मी लांब केलं का त्याचं."

हेच! फ्लॅट व्हीत समोरासमोरच्या दोघांना मिळून एकच खटका. तो डावीकडे गेला की दोघेही डावीकडे – एक बाहेर, एक आत. उजवीकडे गेला की उलट. बॉक्सरमधले दोघे पाय न लावता झोपलेत. आपापले गुडघे आपणच वर घेतात, फक्त वेळ एक. रेसिंगच्या बारा सिलिंडरांच्या आडव्या इंजिनांना लोक सवयीने बॉक्सर म्हणत आले. त्यांतली बहुतेक फ्लॅट व्ही. सहा जोड्या मिळून धक्के मिटतातच, मग खटके निम्मे करून दांडा आखूड आणि हलका का ठेवू नये?

पान एका बैठकीत झालं. शेवटचं वाक्य लिहिलं – "अशा जोडीत एकाची हालचाल पाहून तो स्वतः हलला असं म्हणता येत नाही" – आणि टेबलाकडे पाहिलं.

काठी.

रुमाल सोडला. म्हटलं, बाबा, नुसता हात सरकवा. कपाळावरची शीर उभी राहिली. हात हलला नाही.

डावा हात – ० सेंमी. महिनाभर मी उजवा हात मोजत होते. मी! इंजिनिअर!

२९ नोव्हेंबर

माधुरी मॅडम: "अगं, मापायला सांगितलं कोणी? काठी खांदा आखडू नये म्हणून. आता काठीशिवायही करून घे – मुठी जोडायच्या, बाहेर, आत. हात हलो न हलो, त्यांनी मनात ढकलायचा."

म्हणजे बॉक्सर.

आलेख फाडला. पान पाठवलं. वाक्य तसंच ठेवून.

७ डिसेंबर

०. उजवी मूठ जाते, येते. डावी बघत बसते.

१३ डिसेंबर

निवड झाली. २० तारखेपर्यंत कळवायचं.

जेवताना सांगितलं, आणि त्याच दमात – जाणार नाही.

आत्या: "मंग पानभर लिवलास कशाला गो? हात शिवशिवत व्हता?"

बाबा: "माज्यामुलं नाय ना?"

"नाही. तिथे समुद्र नाही."

बाबा म्हणाले, "तुला कवा आवडला समुद्र? होडीत बसली का उलट्या."

मी म्हटलं, मासा छान झालाय.

१६ डिसेंबर

०.

नकाराचं पत्र लिहिलं. चार ओळी. सोमवारी पाठवेन.

पाण्याखालचं इंजिन पुन्हा दिसलं. या वेळी अकराच पिस्टन चालत होते. बारावा जागा होता, पण थांबलेला. मी त्याला हात लावला नाही.

१९ डिसेंबर

बाजारातून आले तर टेबलावर पट्टी होती, काठी नव्हती. अंगणात दोन खांबांना आडवी बांधलेली, आणि तिच्यावर आत्याचे बोंबील वाळत. "त्यानंच दिली," आत्या म्हणाली. "वालंपरत सोडायची नाय."

बाबांनी मुठी छातीशी जोडल्या होत्या. "माप आता."

डावा हात – ३ सेंमी. दोनदा मोजलं.

कोइमतूरला कळवलं – येते.