चित्रं आणि संगीत : मेणबत्ती

अमागासाकी,
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय सायो,

इकडे आता सकाळी भांडी घासताना बोटं बधिर होतात. खालच्या भाजीवाल्याकडे संत्र्यांच्या पेट्या लागल्या आहेत. तुमच्या मात्सुएला तर तळ्यावरून बोचरा वारा येत असेल. गुडघा कसा आहे? गरम पट्टा बांधतेस ना? तू पाठवलेले शिंपले पोचले. मी त्यांचं सार केलं आणि एकटीने दोन वाट्या प्यायले. तू पाठवतेस ते नेहमी चांगलंच असतं. मला खोट काढायला जागाच ठेवत नाहीस.

तुझं कार्डही आलं. 'पेपरात तुझा फोटो पाहिला. केस छान कापलेस. नातींना दाखवला. त्या धुनेला शेवटी कुणाचं तरी नाव लागलं, बरं झालं.'

हे शेवटचं वाक्य मी आठ दिवस वाचते आहे.

सायो, पुढचं सगळं तुला ठाऊक आहे असं तुला वाटेल. तरी लिहिते. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, कबुली देताना 'तुम्हाला माहीतच आहे' म्हणायचं नाही. जे केलं त्याचं नाव घ्यायचं.

पेपरात आलं ते त्या कुसुनोसेमुळे. तो हिमेजीला शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत बंद पडलेल्या छोट्या गेम कंपन्यांचा इतिहास लिहितो. आपल्या तामोन कंपनीला इतिहास आहे हे मला त्याच्याकडूनच कळलं! भंगारातून त्याने आपल्या 'पाणमांजर' खेळाची चिप मिळवली, मशीन चालू केलं आणि शेवटच्या पडद्यावरची टोपणनावं कुणाची ते विचारत विचारत मला शोधत आला. मी त्याला सगळं सांगितलं. चटया विणणाऱ्याच्या दुकानावरची आपली खोली, त्या गवताचा वास, आधी नाणं टाकून गाणी वाजवणाऱ्या पेट्यांची दुरुस्ती, मग कॉफीच्या दुकानांत टेबलांऐवजी खेळाची मशीनं आली तशी दुसऱ्यांच्या खेळांची नक्कल. मग देगुची मालकांचं ते एका दुपारचं फर्मान : "पुरे झाली चोरी. आता आपलं स्वतःचं काहीतरी काढा. सहा माणसं आहात, सहा डोकी तरी असतील!"

होडीतून माणसं पलीकडे नेणारं पाणमांजर मी काढलं. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे. शेपटी हलावी म्हणून चार दिवस मी चौकोन रंगवत आणि खोडत बसले होते. धूनही आधी मलाच करायला सांगितली होती, आठवतं? का नाही सांगणार? अकरा वर्षं मी चॅपलमध्ये ऑर्गन शिकले होते. मी तीन सुरांत अगदी नियमाने बांधलेली धून मालकांना ऐकवली.

"छान आहे हो," ते म्हणाले, "पण कोण वारलं?"

सगळे हसले. तूही हसलीस, पण लगेच तोंडावर हात धरलास. मग कप विसळता विसळता तू काहीतरी गुणगुणलीस. मालक वळून म्हणाले, "ए तोफूवाल्याची पोरी, हे काय आहे?"

"काही नाही हो. आमचे बाबा सायकलवरून तोफू विकताना भोंगा वाजवतात ना, त्याच्या पुढचं."

तुला स्वरलिपी येत नव्हती. तू गात होतीस आणि मी तुझ्यासाठी लिहून घेत होते. माझ्याच हाताने, सायो.

मग खेळ तपासायला जुसोच्या खेळघरात एक मशीन ठेवलं आणि आपण दोघी खांबामागे उभ्या राहिलो, कोण किती वेळ खेळतंय ते टिपायला. पांढरे हातमोजे घातलेला तो टॅक्सीवाला सलग अकरा डाव हरला. उठून जाताना तो काय करत होता? तुझी धून गुणगुणत होता. तू माझा दंड घट्ट धरलास आणि म्हणालीस, "इत्सुको, ऐकलंस? अगं, ऐकलंस?" मी ऐकलं होतं. माझ्या पाणमांजराकडे त्याने एकदा तरी नीट पाहिलं असेल का, एवढंच माझ्या मनात होतं. तुझी बोटं माझ्या दंडावर होती आणि मला ती उचलून फेकून द्यावीशी वाटली.

शेवटचा पडदा मीच काढायचे, कारण अक्षरं माझी होती. खरी नावं घालायची नाहीत हा मालकांचा नियम. मोठ्या कंपन्या माणसं पळवतील म्हणून. तुझं टोपणनाव तोफू, चॅपलमुळे माझं मेणबत्ती. कागदावर आधी लिहिलं होतं, 'चित्रं : मेणबत्ती. संगीत : तोफू.' चिप भरायच्या दिवशी मी ते बदलून 'चित्रं आणि संगीत : मेणबत्ती' केलं. एकदा चिप भरली की त्यात काही फिरवता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तुला मी सांगितलं, "जागा संपली गं. एक ओळ काढावी लागली, म्हणून दोन्ही एकत्र केलं."

तू क्षणभर पडद्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "असू दे. तोफूला स्वतःची चव कुठे असते? ज्यात घालाल त्याचीच." आणि सगळ्यांसाठी चहा करायला गेलीस.

जागा संपली नव्हती. तुझं नाव, तुझ्या बाबांचं नाव आणि त्यांच्या दुकानाचा पत्ता बसेल एवढी जागा होती.

तीन वर्षांनी कंपनी बंद पडली. कागद रद्दीत गेले, मालकही गेले, आणि राहिली ती चिप. कुसुनोसेने मला विचारलं, "धूनही तुमचीच ना? ऑर्गन शिकला होतात म्हणजे प्रश्नच नाही." मी नाही म्हटलं नाही. चहा ओतला आणि मान हलवली. छत्तीस वर्षांपूर्वी मी तरुण आणि मूर्ख होते असं म्हणता आलं असतं. ही मान मात्र गेल्या मे महिन्यात हलवली आहे, सत्तावन्न वर्षांच्या बाईने.

आणि तू लिहितेस, बरं झालं.

काल दुपारी मी त्याला फोन केला. त्याचं पुस्तक महिनाअखेरीस छापायला जाणार आहे. धून माझी नाही, ती सायोची आहे, आणि जागेची गोष्ट खोटी होती, असं मी स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, आता दोन शब्द सुनावेल. तर म्हणाला, "म्हणजे त्या हयात आहेत? मला भेटतील?"

इतक्या महिन्यांत माझ्याशी बोलताना त्याचा आवाज असा कधी उजळला नव्हता. सायो, कबुली देऊन फोन हातात धरून बसलेली मी, त्याच क्षणी पुन्हा जळले. तुझा पत्ता सांगताना घराचा नंबर चुकीचा सांगावा असं मनात आलं होतं. बरोबर सांगितला. दोनदा म्हणून दाखवला.

शनिवारी सकाळच्या गाडीने तो तुझ्याकडे येईल. त्याला गोड आवडत नाही. तो तुला गुणगुणायला सांगेल, लाजू नकोस. आणि माझ्याबद्दल विचारेल तेव्हा 'असू दे' म्हणू नकोस. तू मला माफ केलंस तर त्यातही तूच मोठी ठरशील, आणि तेवढं मला सोसवणार नाही. एकदा तरी माझ्यावर रागाव. पत्रात लिही, फोनवर बोल, वाटलं तर शिंपले पाठवणं बंद कर. मी वाट पाहते आहे.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
आणि तरीही तुझीच,
इत्सुको