थडग्यातल्या राजाला घास

ति. मिन्चोमामांस,

दोब्रीचा नमस्कार. तुमचा गुडघा, मामीची बकरी आणि अंगणातली द्राक्षवेल, तिघंही आपापल्या जागी धड असतील अशी आशा आहे. इकडे कझानलुकला गुलाब फुललेत आणि माझं लग्न मोडायच्या बेतात आहे.

झ्लातिनाला तिच्या केराआजीने वाढवलं, त्यामुळे होकार आजीचाच हवा. तिला खूश करायला मी शनिवारी प्राचीन थ्रेसियन राजाचं रंगीत थडगं दाखवायला नेलं. (झ्लातिना म्हणाली, आज पितरांचा शनिवार, नको. मी म्हटलं, थडगंच तर आहे, उलट शोभेल.) घुमटातल्या चित्रात राजा-राणी मेजाशी बसलेत, राणीचा चेहरा उतरलेला. आजीने बराच वेळ वर पाहिलं. "मेज भरलंय, पण सगळं रंगवलेलं," ती म्हणाली. "दोन हजार वर्षं उपाशी बसलीत बिचारी." मग पिशवीतून उकडलेले गहू निघाले, चेरी निघाल्या (हे सगळं आमच्या कबरस्तानासाठी होतं), आणि थांब म्हणेपर्यंत तिने वाइन जमिनीवर ओतलीसुद्धा.

पहारेकरी स्तामात धावत आला. "आजी, हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस. माणसं जेवतायत."

"कोण माणसं? ही नक्कल आहे! खरं थडगं पलीकडे, कुलपात!"

"म्हणजे इथे कोणी मेलेलंच नाही?"

"कोणी नाही!"

"मग मघापासून मी वाढतेय कुणाला, तुझ्या भिंतींना?"

पितरांचं अन्न रिकाम्या घरात सांडणं म्हणजे केवढा अपशकुन, हे तुम्हाला सांगायला नको. आजीने तिथेच जाहीर केलं: खऱ्या राजाच्या मुखी घास पडल्याशिवाय नात मिळणार नाही.

तुमचा,
दोब्री

ता.क. तुम्ही संग्रहालयाची कौलं शाकारलीत, तिथे तुमची ओळख आहे. कुलूप उघडून घ्याच. घास मूठभरच आहे.

ता.क. २. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात वरची विनंती रद्द. दुसऱ्या दिवशी आजीने उरलेले गहू नेऊन स्तामातपुढे धरले. पितरांचं अन्न नाकारता येत नाही, म्हणून त्याने खाल्ले आणि (विधुर माणूस) रडायलाच लागला. आजी म्हणाली, जिवंत उपाशी सापडला, राजाचं मग बघू. तेव्हापासून रोज डबा जातो. लग्न ठरलंय, नक्की या.

ता.क. ३. त्यांचं. आमचं नंतर. घरात मोठ्यांचं आधी उरकायचं असतं म्हणे.